तुला कशाला त्रास

वृंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "सुटली ती," एवढंच तिचा नवरा अविनाश म्हणाला. चार महिने कॅन्सरनं तिचे केलेले हाल मी पाहिले होते, त्यामुळे तो असं का म्हणतोय ते कळत होतं. मला रडू आलं नाही. आधी आली ती लाज... आता दीड महिना झाला, ती लाज अजून गेलेली नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. वृंदा नागपूरची. ती हसली की इकडे माझ्या कपातला चहा हिंदकळतो, असं मी तिला चिडवायचे. त्या दोघांना मूल नव्हतं, पण दर रविवारी आमच्या गल्लीतली तीन पोरं मराठी शाळेत न्यायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. माझी इरा तेव्हा सात वर्षांची. लहान मुलांना गाडीत उंच बसवायची तिची बूस्टर सीट कायमची वृंदाच्याच गाडीत मुक्कामाला. येताना पोरं चिवडा सांडत, पाढे ओरडत येत. "तुमच्या पोट्ट्यांना मराठी कमी नि चिवडा जास्त जमतो," असं ती म्हणायची आणि दर सोमवारी गाडी झाडायची.

मग ते घडलं. ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोपाच्या पार्टीत तिनं तीन ग्लास वाइन घेतली आणि तशीच गाडी काढली. घरापासून दोन मैलांवर पोलिसांनी अडवलं. कुणाला काही झालं नाही, पण ते नशीब, तिची हुशारी नव्हे. हे तीच म्हणायची. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्याशी उभी राहून तिनं सगळं सांगितलं. "मी कुणाला तरी मारलं असतं, मधुरा. सिरीयसली." मी तिला जवळ घेतलं, चहा दिला. आणि शनिवारी फोन करून म्हटलं, "अगं, उद्या मीच सोडते इराला. तुला कशाला त्रास?"

आपल्याकडे नाही म्हणायची ही किती सोयीची रीत आहे! वाईटपणा येत नाही आणि दार मात्र बंद होतं. बाकी दोन पोरांच्या आयांनीही हेच केलं. त्या वेळी ते बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं. चूक पुढची आहे.

शिक्षा झाली. काही महिने लायसन्स गेलं, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीचे सक्तीचे क्लासेस झाले, तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे कोर्टाची देखरेख लागली. गाडीत एक यंत्र बसलं. त्यात फुंकून श्वासात दारू नाही हे दाखवल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. रोज सकाळी ती मान खाली घालून फुंकायची आणि आम्ही शेजारी भलतीकडे बघायचो. तीन वर्षांत तिनं दारूचा थेंब घेतला नाही. प्रोबेशन संपताच, गुन्हा रद्द करावा म्हणून तिनं कोर्टात अर्ज केला. सोबत जोडायचं पत्र मला वाचायला दिलं. त्यात नोकरीबद्दल अक्षर नव्हतं. मैत्रिणींच्या मुलांना मला पुन्हा शाळेत न्यायचं आहे, असं लिहिलं होतं. "लॉयर म्हणाला, करिअरचं लिहा," ती म्हणाली, "पण खरं कारण हेच आहे ना!"

कोर्टानं ऐकलं. संत्रा बर्फीचा डबा आणि तो हुकमाचा कागद घेऊन ती धावत आली. "केस डिसमिस्ड! आता रविवारी इराला मी नेऊ?" मी कागदावर नुसती नजर फिरवली, अभिनंदन केलं, बर्फी तोंडात टाकली... आणि म्हणाले, "अगं, तुला कशाला त्रास!"

"होय ना," ती म्हणाली आणि तिनं कागदाची घडी घातली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. मला तिची भीती नव्हती हो. लोक काय म्हणतील, याची होती. कोर्टानं माफ केलं, पण आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायकांपुढे मान वर करून 'माझी मुलगी हिच्या गाडीतून जाते' म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

या वर्षी तिचं दुखणं निघालं. दर गुरुवारी केमो. मी नेते म्हटल्यावर सोफ्यावर पडल्या पडल्या ती म्हणाली, "तुला कशाला त्रास?" थट्टा होती की काय, मी विचारलं नाही. दर गुरुवारी ती माझ्या शेजारी बसायची. वीस मिनिटांचा रस्ता, माफी मागायला पुष्कळ झाला. मी ट्रॅफिकबद्दल बोलत राहिले.

गेल्या आठवड्यात अविनाश किल्ली घेऊन आला. इराला लर्नर्स परमिट मिळालंय हे त्याला कळलं होतं. "वृंदाची गाडी पडूनच आहे. शिकू दे तिला." 'तुला कशाला...' जिभेवर आलंच होतं. गिळलं.

शिकणाऱ्याशेजारी मोठ्या माणसाला बसावं लागतं. नऊ वर्षांनी मी वृंदाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. मागच्या सीटवर इराची बूस्टर सीट तशीच होती, स्वच्छ. गाडीचे कागद आहेत ना, बघायला मी समोरचा कप्पा उघडला. सगळ्यात वर, प्लॅस्टिकच्या पाकिटात, तो कोर्टाचा हुकूम. पोलिसांना दाखवायला तो लागत नाही. तो दाखवायचा होता या सीटवर येऊन बसणाऱ्याला.

"मॉम, व्हॉट इज दॅट?" इरानं विचारलं.

"वृंदामावशीचा कागद आहे. थांब जरा, वाचू दे मला."

पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत मी तो वाचला. सहा वर्षांपूर्वी वाचलाच नव्हता. मग पट्टा लावला आणि इराला म्हटलं, चल.