ब्लॉनिदचा आजोबा

आमच्या रस्त्यावर विल्बर्ट एस्लरबद्दल कुणी चार बरे शब्द लिहील ही आशा नको. पश्चिम बेलफास्टात, आमच्या कॅथलिक वस्तीत, ऑरेंज लॉजच्या, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट संघटनेच्या माणसावर लिहायचं म्हणजे लोक आधी विचारतात, तुला काय झालंय? मला काही झालेलं नाही. तो गेल्या शरदात गेला, त्याच्या गावच्या वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, आणि त्या दोन ओळींत तो कुणाचा आजोबा होता हे आलं नाही. म्हणून मी लिहिते.

बॅलिमीनाच्या पलीकडे डोंगरउतारावर त्याची कोंबड्यांची खुराडी होती. बायको आयना लवकर गेली. मोठा मुलगा कॅनडात, तो नाताळाला फोन करायचा. धाकटा मर्विन जवळ होता, आणि त्यानं माझ्या बहिणीशी, डिम्फ्नाशी लग्न केलं. म्हातारा प्रेस्बिटेरियन पंथाचा प्रोटेस्टंट, त्यांच्या प्रार्थनाघरात स्तोत्रांचा पहिला सूर तो धरायचा. आवाज विहिरीतून यावा तसा. पण बोलायचा म्हणशील तर शब्दागणिक पैसे पडत असल्यासारखा.

लग्नाला तो आला आणि आला नाही. लॉजची शपथ असते, कॅथलिक चर्चात मिस्सा चालू असताना पाय ठेवायचा नाही. तर हा चर्चच्या फाटकाबाहेर अंड्यांच्या व्हॅनमध्ये काळा सूट घालून बसला, आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा सँडविच खात होता. आमची शेजारीण फिलोमिना मला म्हणाली, "बघ गं, व्याही उपाशी नाहीत, एवढं तरी समाधान." मी हसले नाही. मला राग आला होता. मला राग यायला फार लागत नाही.

मग मुलगी झाली. जन्मतःच काळीज दुबळं होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही आणि कसली आशाही दिली नाही. डिम्फ्नानं नाव ठेवलं ब्लॉनिद. आमच्या भाषेतलं जुनं नाव, इवलं फूल असा अर्थ. कागदावर त्यात दोन-तीन अक्षरं जास्त असतात, ती गिळायची असतात, आणि ती गिळायला शाळेत कुणी शिकवत नाही. मी स्वतः आयरिश शिकले ती खाटकाच्या दुकानावरच्या खोलीत, जुन्या पुस्तकांवरून. नंतर तिथंच वर्ग घेतले, कचेऱ्यांशी भांडले. आमची नावं आमच्यासारखी म्हणा, यासाठी मी काउंटरवर मुठी आपटल्या आहेत.

बुधवारी शहरात अंडी पोचवायला यायचा तेव्हा म्हातारा हॉस्पिटलात यायला लागला. कुणी बोलावलं नव्हतं. नर्सांसाठी एक ट्रे अंडी ठेवायचा, टोपी काढायचा, काचेच्या पेटीवर वाकायचा आणि म्हणायचा, "काय ब्लॅथनेड, कशी आहेस?"

ब्लॅथनेड. सगळी अक्षरं, एकही न गिळता, हातोड्यानं ठोकल्यासारखी.

डिम्फ्नानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. इथं वाढलेल्या माणसाला ते लगेच खुपतं. आम्ही लहान असताना नाक्यावरचे ब्रिटिश शिपाई आमची नावं मुद्दाम वाकडी करायचे, दोनदा-तीनदा म्हणायला लावायचे आणि हसायचे. तिला वाटलं, हाही तेच करतोय, फक्त न हसता. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी तोंडावर सांग. पोरीकडे दुसरं आहे काय? दुपटं हॉस्पिटलचं, नळ्या हॉस्पिटलच्या. नाव तेवढं तिचं.

मर्विननं हात जोडले. "बाबांना ओळखता का तुम्ही? मी शाळेत होतो तेव्हा पाद्रीसाहेबांनी त्यांना एका ओळीचा सूर चुकला म्हणून सगळ्यांदेखत सांगितलं. वर्षभर गायले नाहीत. जायचे, बसायचे, तोंड मिटून. त्यांना चूक दाखवली तर ते भांडत नाहीत. येणंच थांबवतात."

आमचे आईवडील केव्हाच गेलेले. पोरीला आजोबा म्हणावा असा हा एकच. डिम्फ्नाला दोन्ही हवं होतं, त्यानं यावं आणि पोरीला तिच्या नावानं हाक मारावी. दोन्ही मिळेना, म्हणून ती म्हणाली, घरी आणल्यावर सांगेन. स्वयंपाकघरात, चहा देता देता, सहज.

घरी आणली ती पांढऱ्या पेटीतून.

आमच्यात मयत घरी ठेवतात आणि लोक येऊन बसतात. आरसा झाकला, घड्याळ थांबवलं, शेजारणींनी पाव कापायला घेतले. दुपारी दारात म्हातारा उभा. त्या घरात त्याच्या जातीचा माणूस कधी आला नव्हता, आणि भिंतीवर येशूच्या हृदयाच्या तसबिरीपुढचा दिवा बघून तोही गोंधळला होता. फिलोमिनानं खुर्ची पुढे ढकलली. "बसा हो मिस्टर एस्लर. खुर्ची कॅथलिक नाही, सेकंडहँड आहे."

कुणीतरी फसकन हसलं. म्हातारा बसला. रोझरी सुरू झाली तेव्हा आम्ही गुडघे टेकले, आणि तो उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला, टोपी पोटाशी धरून. प्रार्थना संपल्यावर तो स्वयंपाकघरात आला. तिथं मी आणि डिम्फ्ना दोघीच होतो. त्यानं दार ओढून घेतलं.

"उद्या पेटी खाली सोडताना तिचं नाव मी घेईन," तो म्हणाला. "तुझ्या वतीनं. ते मला नीट शिकव. मी चुकीचं म्हणतो, कळतं मला."

डिम्फ्नाच्या हातात किटली होती. ती तशीच राहिली. "कधीपासून कळतं?"

"पहिल्या बुधवारपासून. नर्स वेगळं म्हणायची."

"मग विचारलं का नाही?"

"इथं एखाद्याला त्याचं नाव विचारलं की लोक काय समजतात, तुला ठाऊक आहे. तू कुठल्या बाजूचा, असं विचारल्यासारखं होतं. आयुष्यात मी कुणाला विचारलं नाही." मग थोड्या वेळानं, "तू का नाही सांगितलंस?"

"तुम्ही यायचं बंद कराल म्हणून."

म्हाताऱ्यानं मान हलवली. खोटं आहे असं म्हणाला नाही.

तिनं किटली खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसली. मधलं सगळं सोडून द्या, म्हणाली. आधी ब्लॉ, मग निद. त्याच्या तोंडात ते बसेना. त्यानं टेबलावर बोटानं ताल धरला, स्तोत्राला धरायचा तसा, आणि तालावर म्हणत राहिला. एकदा बरोबर आलं. डिम्फ्नानं तोंडावर हात धरला. मग परत आलं. मग तो अंगणात गेला आणि कोळशाच्या पेटीशी उभा राहून एकटाच म्हणू लागला. फिलोमिनानं खिडकीतून बघितलं. "तो बाहेर कुणाशी बोलतोय गं?" मी तिला गप्प बस म्हटलं.

त्या रात्री डिम्फ्ना झोपायला गेली तेव्हा मला म्हणाली, उद्या एवढं एक बरं होईल.

तो 'तुझ्या वतीनं' म्हणाला होता, ते आम्हाला त्याच्या लोकांचं अदबीचं बोलणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा होईपर्यंत तो फाटकाबाहेर पावसाच्या बुरबुरीत उभा होता. या वेळी व्हॅनमध्ये बसला नाही. मर्विन पेटी हातावर घेऊन बाहेर आला आणि त्यानं ती वडिलांकडे दिली. आमच्या रस्त्यावरच्या बाप्यांनी ते पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. म्हातारा पेटी छातीशी धरून चालला. मी मागून त्याची मान बघत होते. ओठ हलत असणार, कारण पावलं तालात पडत होती.

खड्ड्याशी पोचून तो वळला आणि त्याला डिम्फ्ना दिसली. मातीच्या ढिगाशी, माझा हात धरून उभी. तो जागच्या जागी थांबला. तिच्याकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या आमच्या सगळ्या बायकांकडे बघितलं. मग पेटी मर्विनच्या हातात दिली आणि तो मागे सरकला. पुरुषांच्या रांगेत गेला, पार शेवटी.

फादरांनी प्रार्थना म्हटली. मर्विननं गुडघे टेकून पेटी खाली सोडली. सगळे थांबले. डिम्फ्ना म्हाताऱ्याकडे बघत होती आणि म्हातारा खाली चिखलाकडे. पावसाचा तेवढा आवाज. मग कुणीतरी मूठभर माती टाकली, आणि ती वेळ गेली.

मर्विन फादरांपाशी मागे राहिला. म्हाताऱ्यानं आम्हा दोघींना व्हॅनमधून घरी आणलं. डिम्फ्ना पुढे, मी मागे रिकाम्या ट्रेंमध्ये. दारापर्यंत मी कसंबसं तोंड आवरलं, मग आवरेना. "काय हो, काल एवढं शिकवलं ते कुठं गेलं? का लॉजवाले बघतील अशी भीती वाटली?"

तो माझ्याकडे न बघता डिम्फ्नाला म्हणाला, "आमच्यात बायका थडग्यापाशी येत नाहीत. घरी राहतात. मला वाटलं, तूही घरी असशील. म्हणून मी म्हणणार होतो. तू उभी दिसलीस. आई समोर असताना पोरीचं नाव घेणारा मी कोण?"

काचेवर पाणी ओघळत होतं.

"मी तुमची वाट बघत होते," ती म्हणाली.

"मी तुझी."

"फादरांनी घेतलं की नाव," मी म्हटलं. माझा आवाज आता खाली आला होता.

"ते त्यांचं कामच आहे, असुम्प्ता," डिम्फ्ना म्हणाली.

म्हाताऱ्यानं दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले होते. अंड्यांचे ट्रे उचलून उचलून बोटं वाकडी झालेली. त्यांतलं एक बोट हलायला लागलं, ताल धरायला.

"आता म्हणू?" त्यानं विचारलं.

डिम्फ्नानं आपला हात त्या बोटावर ठेवला. "आता नको, मिस्टर एस्लर."

बोट थांबलं. फिलोमिना छत्री घेऊन व्हॅनपाशी आली, काचेवर टकटक करून म्हणाली, आत या, चहा गार होतोय, माणसं खोळंबलीत. म्हातारा उतरला. टोपी काढून त्यानं डिम्फ्नासाठी दार उघडून धरलं, आणि आम्ही आत गेलो.