टीव्हीपुढे बसवलेली पोर

मी मुळातच तापट. त्यात वर्ग चार आणि बाई एक. आमच्या शाळेला दुसरे गुरुजी आहेत, पण नावाला. ते कायम तालुक्याला कसली ना कसली माहिती भरायला गेलेले. पहिली ते चौथीची पोरं एकाच खोलीत. एकाला गप्प करावं तर दुसरं उठतंय. म्हणून गावानं वर्गणी काढून टीव्ही घेऊन दिला तेव्हा मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिली-दुसरी टीव्हीकडे तोंड करून, तिसरी-चौथी त्यांच्याकडे पाठ करून फळ्याकडे. पेनड्राइव्ह लावायचा नि मी भागाकार घ्यायचा. तरी माझे कान मागंच असायचे.

दुसरीतली एक पोर टीव्हीपुढून हलायची नाही. पडद्यावरच्या बाईंच्या आधी हिचं वाक्य पूर्ण. मला वाटलं, चला, ही तरी वाचायला लागली. अक्षरावर बोट ठेवून तपासायला हवं होतं. आज बघू, उद्या बघू, करत राहिले.

दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघाल्या. तान्ह्या भावाला सांभाळायला हिला कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत न्यायचं, असं आईनं ठरवलेलं. मी घरी गेले, भांडलेच म्हणा ना. पोर वाचतेय, तिला चुलतीकडं ठेव, म्हणून हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी बाळाला कडेवर घेऊन आई शाळेत आली. तिला अक्षरओळख नाही. मी पोरीच्या हातात पुस्तक दिलं. तिनं कोंबडीचा धडा घडाघडा म्हटला. मी वरून डोकावले, तर उघडलेलं पान भलतंच, कोंबडीचा धडा चार पानं पुढं होता.

मी पुस्तक मिटून घेतलं.

"बाई, वाचती न्हवं?" आईनं विचारलं.

"वाचते," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या हिला. बाळाचं बघू कसंबी."

टोळी गेली आणि मला जेवण गोड लागेना. रोज पोरीला जवळ घेऊन बसायचं ठरवलं. पण बसले की तिसरीत मारामारी, नाहीतर फोन, अमुक माहिती आत्ताच्या आत्ता पाठवा. वैतागून मी पुन्हा टीव्ही लावायची. स्वतःचाच असा राग यायचा की खडू मोडायचे हातात.

दर शनिवारी शाळा सुटायला आईचा माझ्या फोनवर फोन. पोरीला वाचायला सांगा म्हणायची. पोर माझ्याकडं बघायची, मी खिडकीकडं. मग ती कोंबडीचा धडा म्हणायची. तिकडं बाळ रडत असायचं आणि आई त्याला गप्प करत ऐकायची.

चौथ्या शनिवारी आई म्हणाली, "बाई, हा धडा मलाबी पाठ झाला. ऊस तोडताना म्हनत असते मी. आता दुसरा कावून वाचून घेत न्हाईत?"

थाप मारायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "तिला वाचता येत नाही गं. मला त्या दिवशीच कळलं होतं. मी खोटं बोलले."

तिकडं बाळ रडत होतं. मला वाटलं, आता म्हणेल, पोर पाठवून द्या.

"मग शिकवा की, बाई," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तर ठेवलीय."