अठ्ठावीस पॉइंट चार

दुपारी दोनला जेवायला बसले, ताटाशेजारी मोबाईल ठेवला आणि सवयीनं तापमानाचा आकडा बघितला. अठ्ठावीस पॉइंट चार. पहिला घास तोंडात होता, तो तसाच राहिला. कारण सकाळी नऊला बघितलं तेव्हाही अठ्ठावीस पॉइंट चारच होतं.

एप्रिल महिना. छत्रपती संभाजीनगरात एप्रिलमध्ये सकाळी नऊ ते दुपारी दोन कोणतीच गोष्ट अठ्ठावीसवर थांबत नाही. आकडा चांगला होता, अलार्म वाजला नव्हता, स्क्रीनवर सगळं हिरवंगार. म्हणूनच मी घाबरले. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये तीस वर्षं काढली आहेत. हलणाऱ्या आकड्याचं मला काही वाटत नाही, न हलणाऱ्याची धडकी भरते.

ताट झाकलं, स्कूटीची किल्ली घेतली.

"आता कुठं, एवढ्या उन्हाचं?" नवऱ्यानं विचारलं.

"पुंडलिकनगरला. काकूंची वांगी मेली बहुतेक."

"अगं, आधी फोन तरी कर."

केला. काकूंचा नुसता वाजत राहिला. त्यांचा मुलगा प्रकाश, त्याचा फोन कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. हेल्मेटचा पट्टा लावला आणि निघाले.

आता ही वांगी काय भानगड आहे ते सांगते.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होते. टाकीत पाणी किती, पाइपात दाब किती, भट्टी किती तापली, हे सांगणारी यंत्रं बसवायची आणि ती खोटं बोलत नाहीत ना, यावर डोळा ठेवायचा. काय काय बिघडू शकेल याचा दिवसभर विचार करायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. मागून सगळे मला 'घाबरट मॅडम' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

रिटायर झाल्यावर घरगुती एरोपोनिक सिस्टीम बनवायला लागले. म्हणजे मातीशिवाय, हवेत झाडं वाढवायची. एक बंद टब, झाकणाला भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा पेला, पेल्यात रोप. मुळं खाली टबात लोंबकळतात आणि दर पाच मिनिटांनी नोझलमधून त्यांच्यावर खताच्या पाण्याचा धुक्यासारखा फवारा उडतो. पाणी थोडं लागतं, मातीतले रोग लागत नाहीत. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळं लोकांना कल्पना आवडते. पालक, पुदिना, कोथिंबीर असलंच काहीतरी लावतात. मेलं तर पुन्हा लावतात.

कौसल्याकाकूंचं तसं नव्हतं.

काकू सत्तरीच्या. गंगापूरकडं त्यांची शेती होती, ती विकून मुलासोबत पुंडलिकनगरात राहायला आल्या. येताना बियाण्याचा एक डबा आणला. त्यात त्यांच्या घरचं पांढरं काटेरी वांगं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा लागतो, आणि काकूंच्या घरात ते भरीत याच वांग्याचं व्हायचं. सासूनं त्यांना बी दिलं, सासूला तिच्या सासूनं. यंदा डबा उघडला तर आत किड्यानं पीठ केलेलं. गावाकडं विचारलं, तिथं आता सगळे पाकिटातलं बी लावतात. उरलेलं निवडून कुंड्यांत टाकलं, थोडं उगवलं, आणि त्यातलंही एकेक रोप उभ्याउभ्या मान टाकायला लागलं. मर रोग म्हणतात त्याला, मातीतूनच येतो. मला बोलावलं तेव्हा सहा रोपं शिल्लक होती.

"मातीत जगंनात गं बाई," काकू म्हणाल्या. "तुज्या त्या हवंतल्या पेटीत जगत्याल का?"

"जगतील. पण काकू, माती चूक पोटात घालते. हवा घालत नाही. उन्हाळ्यात पंप दोन-चार तास बंद पडला की मुळं वाळली."

"मग बंद पडू दिऊ नको."

इतकं सोपं. प्रकाश हसला. मला हसू आलं नाही. ही सहा गेली तर ते वांगं जगातून गेलं, आणि ते माझ्या हातून गेलेलं असणार. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग माझ्या पद्धतीनं कामाला लागले. वहीत एकेक भीती लिहायची आणि तिच्यासमोर उपाय. वीज गेली तर? घरात इन्व्हर्टर होताच, पंप त्याच्यावर जोडला. पंप जळाला तर? दुसरा पंप, पहिला थांबला की आपोआप सुरू होणारा. बोअरच्या पाण्याचा क्षार नोझलमध्ये बसला तर? दोन फिल्टर. गच्चीवर ऊन लागलं तर? शेडनेट, टबाला पांढरा रंग. आणि इतकं करून दाब कमी झालाच, तर वायफायवरून प्रकाशच्या आणि माझ्या मोबाईलवर अलार्म.

टब चिकलठाण्यातल्या आमच्या जुन्या फॅब्रिकेटरकडून, भागवतकडून बनवून घेतला. त्यानं तळाला एका कोपऱ्यात पोचा पाडून ठेवला. उडालेलं पाणी उतारानं परत टाकीत जायला हवं, ते त्या पोच्यात साचून राहायचं. मी त्याला फोनवर चांगलं झापलं. साचलेलं पाणी म्हणजे शेवाळ, वास, मुळं कुजणं.

"म्याडम, दोन बोटं पाणी राह्यलं तर काय वाघ येतो का?"

"वाघ परवडला भागवत. बदलून दे."

लग्नसराईनंतर देतो म्हणाला. रोपं थांबायला तयार नव्हती, म्हणून तोच टब बसवला. सूचनांची दोन पानं टाइप करून, लॅमिनेट करून प्रकाशच्या हातात दिली. इंग्रजीत. हे लक्षात ठेवा.

दीड महिना सगळं छान चाललं. रोपं गुडघ्याएवढी झाली, मुळं पांढरीशुभ्र, वीतभर लांब. काकू रोज झाकण किलकिलं करून बघायच्या आणि मला फोन करायच्या, "बाई, ह्यांचं पाय लई गोरं हायेत." मी रोज जेवताना मोबाईलवर टबातल्या तापमानाचा आकडा बघायचे. आणि मग तो अठ्ठावीस पॉइंट चार.

पुंडलिकनगरला पोचले तर गेटला कुलूप. गच्चीकडं कान लावला. पंप दर पाच मिनिटांनी गुरगुरतो, खालून ऐकू येतो. घड्याळ लावून उभी राहिले. पाच मिनिटं झाली, सात झाली. काही नाही. गल्लीतला रस्ता भट्टीसारखा तापलेला.

शेजारचे रफिकचाचा बाहेर आले. शहागंजात त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, शुक्रवार असल्यामुळं घरी होते.

"वो लोगां तो सुबेच गाँव कू गए मॅडम. शादी है बोले."

"लाइट है क्या तुम्हारे यहाँ?"

"है ना. पंखा चालू है."

म्हणजे वीज गेलेलीच नव्हती. मग पंप का बंद? तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. घर सोडताना मेन स्विच बंद केला असणार. गावाला निघायचं तर गॅसचा कॉक बंद, नळ बंद, मेन बंद. माझी आई हेच करायची, मीही करते. आणि वही भरून भीती लिहिताना ही एक मला सुचली नव्हती.

मेन घराच्या आत, घराला कुलूप. गच्चीवर जायचा एकच रस्ता, चाचांच्या गच्चीवरून. दोन गच्च्यांच्या मध्ये दीड हाताची फट. खाली दोन मजले. मी स्टुलावर चढून ट्यूबलाइटसुद्धा बदलत नाही.

"नक्को मॅडम, गिर गए तो मेरे कू पूछेंगे सब."

"चाचा, हात पकडो और बातां मत करो."

कठड्यावर बसले, एक पाय पलीकडं टाकला आणि तिथंच थिजले. खाली बघायचं नाही ठरवलं होतं, बघितलं. देवाचं नाव घेतलं, चाचांचा हात घट्ट धरला, आणि कशी कोण जाणे, पलीकडं पोचले. गुडघा सोलवटला, ते नंतर कळलं.

टबाजवळ गेले. चार रोपांची पानं फडक्यासारखी लोंबत होती. झाकण उचललं. मुळं, ती गोरीपान मुळं, तपकिरी होऊन एकमेकांना चिकटलेली. नोझल कोरडे ठाक. कोपऱ्यातली दोन रोपं मात्र ताठ उभी. आधी वाटलं माझे डोळे फसवतायत. वाकून बघितलं. भागवतच्या त्या पोच्यात दोन बोटं पाणी साचलेलं होतं आणि या दोघांच्या मुळांची टोकं त्यात बुडालेली होती.

मला रडू आलं. आधी चौघांसाठी, मग दोघांसाठी.

पण रडत बसून पाच मिनिटं घालवणं परवडणारं नव्हतं. चाचांना हाक मारली. त्यांनी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली दिली, टेलरच्या घरात ती असतेच. बादलीही दिली. मोबाईलवर टायमर लावला. दर पाच मिनिटांनी झाकण उचलायचं, दहा सेकंद फवारा, झाकण बंद. पंप मी, टायमर मी, अलार्म मीच. चाचा पलीकडून चहा देत होते आणि दर वेळी विचारत होते, "जिंदा है ना?"

चारला प्रकाशचा फोन लागला. सहाला सगळे परत आले. काकू लग्नातल्या नव्या लुगड्यातच जिना चढून वर आल्या.

मी तीन तास राग साठवला होता. "मेन कुणी बंद केला?"

"म्या केला," काकू म्हणाल्या. "घर सोडताना मेन बंद करत्यात. तुला ठाव नाय व्हय?"

"पण इन्व्हर्टर होता ना! तो कसा बंद झाला?"

"त्याचा बी दिवा जळत व्हता. त्यो बी बंद केला."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आमचा गोठा वायरीनं जळाला बाई. आमी लग्नालाच गेलतो. दोन बैलं बांधल्याली व्हती. तवापस्नं म्या दिवा जळता ठिऊन घर सोडत नाय."

माझा राग तिथंच विरला. माझ्यासारखीच घाबरलेली बाई ती. तिच्या भीतीनं माझ्या सगळ्या भीतीचं बटण बंद केलं होतं. आणि मी तिला कधी विचारलंच नव्हतं, की काकू, तुम्ही घर कसं बंद करता? दोन पानं इंग्रजी लिहून तिच्या मुलाच्या हातात दिली आणि सुटले.

काकूंनी चार रोपांच्या पानांवरून हात फिरवला. "माज्या हातानंच मारली म्हणायची," म्हणाल्या आणि गच्चीतच खाली बसल्या. मी शेजारी बसले.

चार रोपं आठवड्यात गेली. दोन राहिली.

खरी लाज मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. कंपनीत मोजणारं यंत्र वायरमधून बारीकसा करंट पाठवतं, चार ते वीस मिलीॲम्पिअर. टाकी रिकामी असेल तर चार, भरली तर वीस. शून्य का नाही ठेवत? कारण शून्य आलं तर कळलं पाहिजे, की टाकी रिकामी नाही, वायरच तुटली आहे. नवीन पोरापोरींना मी ओरडून शिकवायचे, "यंत्र गप्प बसलं तर ते ठीक आहे असं समजू नका, मेलं असं समजा!" आणि घरी काय बनवलं? बिघडलं तरच बोलणारं यंत्र. मेन बंद झाल्यावर वायफायही गेलं. मेलेल्यानं स्वतःच्या मरणाची बातमी द्यावी, अशी माझी व्यवस्था होती. मोबाईल बिचारा शेवटचा आकडा दाखवत बसला.

आता माझी सिस्टीम दर अर्ध्या तासानं 'आहे' एवढंच कळवते. ते आलं नाही, तर मोबाईल स्वतःहून बोंबलतो. पंपाला टबाखाली त्याची स्वतःची बॅटरी, घराच्या मेनशी संबंध नाही. आणि भागवतला फोन केला.

"भागवत, तो पोचा आता अख्ख्या तळाला पाहिजे. दोन बोटं पाणी राहिलं पाहिजे."

"म्याडम, बऱ्या हैत ना?"

त्या दोन झाडांना फळं धरली. काकूंनी खायला एकही तोडू दिलं नाही. झाडावरच पिवळी होऊ दिली, बी काढलं, राख लावून वाळवलं. मग मला बोलावलं. बघते तर ताटात कागदाच्या सात पुड्या. एक चाचांच्या घरची, एक काकूंच्या नणंदेची, एक माझी, बाकीच्या शेजारपाजारच्या.

"गावात बाया मागायच्या," काकू म्हणाल्या. "म्या दिलं नाय कुनाला. देवाचं वांगं हाय म्हनायची. दिलं असतं, तर डब्यात किडं झालं तवा कुनाच्या तरी दारात सापडलं असतं."

वहीत पानंच्या पानं भरून मी जे लिहिलं होतं, ते यापुढं काही नव्हतं. चंपाषष्ठीला भरीत झालं, आणि त्यातली निम्मी वांगी चाचांच्या गच्चीवरच्या साध्या मातीच्या कुंडीतली होती. ना पंप, ना अलार्म.

पुड्या वाटल्या त्या दिवशी माझ्या हातात ठेवलेली पुडी इतरांपेक्षा जाड होती.

"मला जास्त का, काकू?"

"तू घाबरट हाईस म्हनून. तुज्याकडं टिकंल."

तीस वर्षांत कुणी तोंडावर म्हणालं ते पहिल्यांदा. घरी येऊन पुडी स्टीलच्या डब्यात ठेवली. मग निम्मं बी काढून दुसऱ्या डब्यात ठेवलं. आणि त्यातलं निम्मं दुसऱ्या दिवशी जालन्याला बहिणीकडं पाठवून दिलं.