पैनगंगेअलीकडचा मुक्तिदिन

एखाद्या समितीचं अध्यक्षपद स्वीकारलं की किस्से आपोआप साठतात, गळ्यातल्या हारांपेक्षा कितीतरी जास्त! हार निदान वाळतात तरी.

आमची समिती अनसिंगची. आमचे आजे-पणजे पैनगंगेपलीकडचे, निजामाच्या राज्यातले. रझाकारांच्या धामधुमीत नदी ओलांडून इकडे आले ते इकडचेच झाले. म्हणून सतरा सप्टेंबरला आम्ही विदर्भात बसून मराठवाड्याचा मुक्तिदिन करतो. मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, त्यामुळे अध्यक्ष. लायक आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नदी प्रत्यक्ष ओलांडलेली एकच व्यक्ती आता उरली आहे, गयाआजी. ती दरवर्षी म्हणते, "मास्तर, मराच्या आंधी मले साऱ्याईसमोर यक गोष्ट इचारायची हाय." आणि दरवर्षी शाल, नारळ, फोटो, की वेळ संपली!

* * *

चहावाला विठ्ठल अस्सल इथला. एकदा त्यानं विचारलं, "सर, पंधरा ऑगस्टात आमचं भागते. तुमाले दोनदा स्वातंत्र्य काहून लागते?"

मी त्याला संस्थानं, विलीनीकरण, पोलीस अ‍ॅक्शन, सगळं समजावलं. चहा थंड झाला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमची गाडी लेट झाली, असं म्हना ना!"

* * *

आमचा सेक्रेटरी भाऊराव. त्याच्या आजोबांनी पैनगंगा पार केली, हे त्याचं ठरलेलं भाषण. पहिल्या वर्षी पाणी गुडघ्याएवढं होतं. पुढच्या वर्षी कमरेएवढं. गेल्या वर्षी आजोबा बैलाची शेपटी धरून पोहले!

मला राहवेना. विचारलं, "भाऊराव, आजोबा आले कोणत्या महिन्यात?"

"भर उनाळ्यात, सर."

"मग पूर कुठून आला?"

"सर, तुमी कार्यक्रम करून राह्यले का इन्क्वायरी?"

* * *

आमच्यात दोन पार्ट्या आहेत, आधी आलेले आणि नंतर आलेले. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवरून दरवर्षी जुंपते.

"तुमी तं आंधीच भिऊन पयाले!"

"अन् तुमाले रस्ता कोनं दाखोला?"

मी फार विचार करून तोडगा काढला. खुर्च्या गोल मांडल्या. पहिली रांगच नाही, तर भांडण कसलं?

पंख्याकडे तोंड कुणाचं, यावरून झालं!

* * *

गेल्या वर्षी प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि त्यांनी इंग्रजांना देशाबाहेर घालवलं. निजामाचं नावही नाही! मी चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती खिशात घातली आणि पुन्हा इंग्रजांवरच घसरले. त्यात आजीची वेळ गेली.

मी भाऊरावावर चिडलो. तो म्हणाला, "जाऊ द्या ना सर. इंग्रज गेले, हे तं खरंच हाय!"

* * *

यंदा मी हट्टाला पेटलो. आजी बोलणार आणि सगळ्यांच्या आधी बोलणार. पण धाकधूक होतीच. आदल्या दिवशी तिच्या घरी गेलो.

"आजी, उद्या काय विचारणार, मला जरा सांगून ठेव."

"कायले? तूच आपल्या भाषनात घेशीन!"

* * *

सतरा तारखेला झेंडा झाला. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. भाऊराव मध्ये आला, "सर, पाहुने येऊ द्या ना!" मी त्याच्या हातातला माईक ओढून घेतला आणि आजीसमोर धरला.

आजी उठली नाही. खुर्चीतूनच सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"नदीत माह्या बापानं मले खांद्यावर घेतलं होतं. म्हने, रडू नको गया, निजामाच्या हातून गाव सुटलं का वापस जाऊ. अन् तुमी दरसाल सांगता, गाव सुटलं, गाव सुटलं. टाया वाजोता."

तिनं माईक आणखी जवळ ओढला.

"मंग आपुन अजून इथं काहून बसून राह्यलो?"

आधी आलेले नंतर आलेल्यांकडे बघू लागले. नंतर आलेले माझ्याकडे.

भाऊराव माझ्या कानाशी आला. "सर, राष्ट्रगीत लावू का?"