चोवीस तासांची बाटली

मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातली जेरुशा झिराडकर ठाण्याहून इस्राएलला आली तेव्हा तिच्याकडे प्राणिशास्त्राची पदवी होती आणि हिब्रूची चाळीसेक वाक्यं. रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत तिला काचेची भांडी धुवायचं काम मिळालं. तिथेच एका रशियन बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं, आणि मग ती उठलीच नाही. पेशी फुटून काचेवर पसरलेली गुणसूत्रं ओळखायची, त्यांचे फोटो काढायचे, कात्रीने एकेक कापून जोड्या लावायच्या. तेवीस जोड्या. १९९३ सालच्या डिसेंबरपर्यंत या कामात तिची अकरा वर्षं गेली होती. नवरा नाथान पेताह तिक्वा शहरातल्या एका कारखान्यात फोरमन होता; त्यांना इताय नावाचा मुलगा होता. ती रोज सकाळी सहाच्या बसने निघायची. रुग्णाचं तोंड तिने कधी पाहिलेलं नसायचं. तिला दिसायचा बाटलीवरचा नंबर.

त्या गुरुवारी मात्र नर्सचा वॉर्डातून फोन आला. ओफाकिम गावाहून एक रुग्ण आली आहे, तिच्या आईला हिब्रू नीट येत नाही, तू तिची भाषा बोलतेस ना?

रुग्ण एव्हलिन चौतीस वर्षांची होती, कापडाच्या कारखान्यात शिलाई करणारी. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि दंडावर कोणी दाबून धरल्यासारखे जांभळे डाग होते. आई, सेगुलाबाई, कॉटच्या पायथ्याशी हातात ओला रुमाल घेऊन उभी होती.

जेरुशा मराठीत बोलताच म्हातारीने तिचं मनगट धरलं. "तू कुठची गं बाय?"

"झिराडचे आम्ही. मी ठाण्यात वाढले."

"म्हणजे आमच्यातलीच. माझ्या लेकीला काय झालंय ते कोणी धड सांगत नाय. रक्ताचा कॅन्सर म्हणतात, मग म्हणतात थांबा. तू आतली आहेस, तू सांग."

"मावशी, डॉक्टर सांगतील. मी फक्त तपासते."

"मग नीट तपास," सेगुलाबाई म्हणाली.

हाडातला मगज दहा वाजता प्रयोगशाळेत आला. जेरुशाने त्याचे दोन भाग केले. एक लगेच पाहायचा. दुसरा बाटलीत पोषक द्रवात घालून उबदार पेटीत चोवीस तास वाढवायचा. लगेचच्या भागातून संध्याकाळी पाचपर्यंत तिने पंधरा पेशी मोजल्या. सगळ्यांत तेवीस जोड्या जागच्या जागी होत्या. कुठे काही तुटलं नव्हतं.

वॉर्डाचे प्रमुख डॉक्टर हाइम स्वतः खाली आले. एव्हलिनच्या पांढऱ्या पेशी त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांच्या मते हा ल्युकेमियाचा नेहमीचाच एक प्रकार होता. उद्या दुपारी बारा वाजता केमोथेरपी सुरू करायची होती.

"गुणसूत्रं?" त्यांनी विचारलं.

"आत्तापर्यंत साफ आहेत. पण उद्याची बाटली बाकी आहे."

"ठीक. मी साफ लिहितो."

जेरुशाने काचा आवरल्या. घरी जाताना बसमध्ये ती सतराव्या गुणसूत्राचा विचार करत होती. तिथे एक जनुक असतं. ते जे प्रथिन बनवतं, ते अ-जीवनसत्त्वाचा निरोप ऐकून कोवळ्या पांढऱ्या पेशींना मोठं व्हायला सांगतं. कधी कधी सतराव्याचा तुकडा तुटून पंधराव्याला चिकटतो, तेव्हा दोन जनुकं एकत्र होऊन एक वेडं प्रथिन तयार होतं. ते निरोप अडवून बसतं. पेशी कोवळ्याच राहतात, वाढत सुटतात, आणि त्यांच्या पोटातली द्रव्यं रक्ताची गोठण बिघडवतात. अशा रुग्णाला नुसती नेहमीची केमोथेरपी दिली तर त्या पेशी एकदम फुटतात, आणि रक्तस्राव मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याच वर्षा-दोन वर्षांत एक औषध वापरात येऊ लागलं होतं. ते अ-जीवनसत्त्वाचंच एक रूप होतं. मोठ्या मात्रेत दिलं की ते प्रथिनाची पकड सोडवायचं. पण ते सहज मिळत नव्हतं. खात्री असल्याशिवाय कोणी देतही नव्हतं.

हे सगळं तिला एवढं ठाऊक असण्याचं कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मित्स्पे रामोनचे एक शाळामास्तर आले होते, असेच डाग घेऊन. लगेचच्या काचेत तिला सगळं साफ दिसलं होतं आणि तिने तसं लिहून दिलं होतं. बाटली शनिवारी शब्बाथच्या सुटीत पडून राहिली. रविवारी तिने ती उघडली, आणि तिसऱ्याच पेशीत पंधरा आणि सतरा एकमेकांचे तुकडे घेऊन उभे होते. केमोथेरपी सुरू झालेले मास्तर शनिवारी सकाळीच गेले होते.

शुक्रवारी सात वाजता ती डॉक्टर हाइमच्या दारात उभी राहिली.

"आज बारा वाजता सुरू करू नका. मला दोनपर्यंत वेळ द्या."

"तिच्या पांढऱ्या पेशी एका रात्रीत दीडपट झाल्यात, जेरुशा. थांबलो तरी ती मरू शकते."

"म्हणूनच म्हणते. दहाला बाटली काढते, दोनपर्यंत सांगते."

"तू काल साफ म्हणालीस."

"लगेचच्या काचेत कधी कधी आजारी पेशी येतच नाहीत. चांगल्याच पेशी विभागतात आणि आपण त्या मोजतो. मित्स्पे रामोनचे मास्तर आठवतात?"

हाइमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आठवतात," ते म्हणाले. "त्या कागदावर खाली माझी सही आहे." मग म्हणाले, "दोन वाजता. त्यापुढे मी थांबणार नाही. तोपर्यंत प्लेटलेट्स देत राहतो."

दहाला तिने बाटली काढली. पेशी विभागताना थांबवायचं औषध घातलं. मग पातळ मिठाचं पाणी, मग स्पिरिट आणि ॲसिड, मग पुन्हा तेच. यात घाई केली तर सगळंच हातचं जातं. बाराला प्रयोगशाळेतली माणसं शब्बाथसाठी, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसासाठी, घरी निघाली. नाथानचा फोन आला. "दोनची बस पकडतेस ना?"

"माहीत नाही. तू इतायला घेऊन घर आवर."

"काय झालंय?"

"आपल्यातली एक पोरगी आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

काचा गरम भट्टीत तासभर सुकायला हव्या होत्या. तिने पाऊण तासच ठेवल्या. रंग दिला. पहिली काच जास्त पुसली गेली, सगळी गुणसूत्रं भुतासारखी फिकी. तिने ती बाजूला टाकली. उरल्या तीन. दुसऱ्या काचेसाठी तिने कोपर टेबलाला टेकवून धरलं. या वेळी रंग बसला.

दीड वाजून गेला होता. पहिली पेशी साफ. दुसरी साफ. तिसरीत गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, काही कळेना. चौथी साफ. तिला वाटलं, आपण एका बाईची केमोथेरपी विनाकारण अडवून बसलो आहोत. दाराशी आवाज झाला म्हणून तिने मागे पाहिलं. सेगुलाबाई उभी होती. जिने चुकत, विचारत विचारत ती खाली आली होती.

"नर्स म्हणाली, तुझ्यापायी थांबलेत. खरं काय?"

"खरं आहे, मावशी."

"तिच्या नाकातलं रक्त आता थांबत नाय."

जेरुशाने खुर्ची पुढे सरकवली. "इथे बसा. बोलू नका."

म्हातारी बसली. जेरुशाने पाचवी पेशी लावली. पंधराव्याची एक बाजू लांब होती. सतराव्याची एक बाजू आखूड. तिने सहावी शोधली. तेच. सातवी चांगली नव्हती. आठवीत पुन्हा तेच.

तिने फोन उचलला. तेव्हा दोनला सात मिनिटं कमी होती. "पंधरा आणि सतरा," ती म्हणाली. "आठांतल्या तीन पेशींत. या, स्वतः बघा."

हाइम धावत आले, पाहिलं, आणि तसेच वर गेले. दुसऱ्या एका रुग्णालयात एका अभ्यासासाठी ते औषध ठेवलेलं होतं. तिथल्या डॉक्टरला त्यांनी घरी फोन केला, स्वतःची गाडी काढली, आणि साडेतीनला तपकिरी-पिवळ्या कॅप्सूल घेऊन परतले. एव्हलिनच्या तोंडात रक्त साचत होतं. सेगुलाबाईने रुमालाने तिचं तोंड पुसलं आणि एकेक कॅप्सूल स्वतःच्या हाताने आत ठेवली. चार कॅप्सूल गिळायला अर्धा तास लागला.

शब्बाथआधीची जेरुशाची शेवटची बस गेली होती. तिला न्यायला नाथानला गाडीसाठी कोणाकडे तरी शब्द टाकावा लागला. सूर्यास्तापूर्वी लावायच्या शब्बाथच्या मेणबत्त्या त्या दिवशी उशिराही लागल्या नाहीत. लागल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी रक्त यायचं कमी झालं. पाचव्या दिवशी एव्हलिनला धाप लागली, फुप्फुसांत पाणी भरू लागलं. हे त्या औषधाचंच दुसरं तोंड होतं. कोवळ्या पेशी एकदम मोठ्या होऊन फुप्फुसांत शिरतात. दोन दिवस तिला स्टेरॉइड आणि ऑक्सिजन देत होते. जेरुशा जेवणाच्या सुटीत वॉर्डाच्या काचेपर्यंत जायची आणि परत यायची. आत जायचं तिचं धाडस झालं नाही. आठव्या दिवशी एव्हलिनने आईकडे चहा मागितला.

जानेवारीत तिच्या हाडातला मगज पुन्हा खाली आला. जेरुशाने वीस पेशी मोजल्या, सगळ्या साफ. मग चोवीस तासांच्या बाटलीतून आणखी तीस मोजल्या, आणि मगच सही केली. पुढे केमोथेरपीच्या तीन फेऱ्या झाल्या. केस गेले, आले. पुढच्या शरदातल्या सुक्कोथ सणानंतर एव्हलिन ओफाकिमच्या कारखान्यात शिलाईवर परत गेली.

प्रयोगशाळेच्या नियमांच्या वहीत जेरुशाने एक ओळ घातली आणि हाइमनी खाली सही केली: अशा संशयात चोवीस तासांच्या बाटलीशिवाय 'साफ' लिहायचं नाही, मग शब्बाथ असो वा सण. पुढे काही वर्षांनी यंत्र आलं. एकत्र झालेलं ते वेडं जनुक थेट शोधून ते काही तासांत उत्तर द्यायचं. नव्या मुली त्या ओळीला हसायच्या. जेरुशाने कोणाला कधी काही समजावलं नाही. २००५ साली निवृत्त होईपर्यंत ती शुक्रवारी सगळ्यांत शेवटी निघायची, आणि नाथान फाटकाशी गाडी घेऊन उभा असायचा.