रिपोर्ट नॉर्मल, गुडघा सैल

बोईसरला औषधाच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. जिना उतरताना पाय सटकला, अंग एकीकडे गेलं आणि गुडघा दुसरीकडे पिळला. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. सूज ओसरली, पण चालता चालता गुडघा मधेच सुटायचा. एकदा भाजीच्या पिशवीसकट मी उमरोळी स्टेशनच्या फलाटावर कोसळले.

एमआरआय काढला. रिपोर्टात थोडी सूज होती, लिगामेंट शाबूत. वाचून नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, माझा वाढला. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट तो नॉर्मल है," आणि मला पुन्हा उभ्याच्या कामावर लावलं. नवरा कधी चिडला नाही, समजावायचा. "अगं, मशीन खोटं कशाला बोलेल? मनातली भीती काढ." हळूहळू मलाही वाटायला लागलं, आपण उगाच तर करत नाही ना? फक्त शेजारची चिंचणीची मावशी म्हणाली, "कागदात नाय म्हनून काय झाला? पाय तुजा हाय ना?"

शेवटी पालघरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघा जरासा वाकवून नडगी पुढे ओढली, मग चांगल्या पायाचीही ओढून पाहिली.

"ही जास्त सरकते. एमआरआय बहुतेकदा बरोबर असतो, पण तुमचा पाय वेगळंच सांगतोय. दुर्बीण घालून आत बघितलं तर खात्री होईल. मात्र ते ऑपरेशन आहे. भूल द्यावी लागते, जंतुसंसर्गाचा धोकाही असतो."

"आणि काहीच निघालं नाही तर?" नवऱ्याने विचारलं.

मलाही तीच भीती होती. काही निघालं नाही, तर माझं दुखणं कायमचं खोटं ठरणार होतं. तरी मी हो म्हटलं.

कमरेखाली बधिर करून मला दुर्बिणीतलं दाखवणाऱ्या पडद्याकडे तोंड करून झोपवलं. उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी कूर्चा दिसली. तिच्यामागे लिगामेंटची दोरी होती, धड वाटणारी. डॉक्टरांनी बारीक आकड्याने ती ओढली, तशी ती लोंबली.

"हाडापासून तुटलीय आणि शेजारच्या लिगामेंटला चिकटून बसलीय," ते म्हणाले. "म्हणून फोटोत जागेवर वाटली."

मला आनंद झाला. माझंच लिगामेंट तुटलेलं, आणि मला आनंद झाला. तो ओसरल्यावर टेबलावरच रडू फुटलं.

बाहेर डॉक्टरांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खाटेशी येऊन उभा राहिला. "मला वाटलं होतं..." एवढं म्हणून त्याने माझ्या पायावरची चादर नीट केली. मी पुढचं विचारलं नाही.

नवीन लिगामेंट बसवायचं ऑपरेशन नंतर झालं. गुडघा आता सुटत नाही, पण मांडी घालता येत नाही. नवरा रोज विचारतो, "दुखतंय का?" बहुतेक वेळा मी नाही म्हणते, दुखत असलं तरी.