ताईची क्लेमाटिस

त्या गल्लीत सलूनवाल्याला त्याच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला रेडिओ म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती पांढरं कापड आलं, की त्याच्या तोंडाचा जो पट्टा सुरू व्हायचा तो मानेवरचे केस झटकेपर्यंत थांबायचा नाही. थोरल्या बहिणीपुढे मात्र हाच माणूस मुका व्हायचा. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं होतं. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरी पिळायची आणि घरी येऊन त्याचा अभ्यास घ्यायची. पन्नाशी उलटली तरी तिच्यासमोर उभं राहिलं की त्याला आपले गुडघे मळलेले आहेत असं वाटे.

ताईने लग्न केलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची एक खोली होती, खोलीमागे अंगणाचा तुकडा, आणि त्या अंगणात तिची क्लेमाटिस. रानातल्या मोरवेलीच्या जातीचीच ही वेल, पण बागेतली, तळहाताएवढ्या जांभळ्या फुलांची. भर उन्हाळ्यात भिंत अशी भरून जायची की रस्त्यावरची माणसं कुंपणापाशी थबकत. ताई कुणाला फूल तोडू देत नसे. बघायला ना नव्हती.

एका हिवाळ्यात ताईच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात लुळा पडला आणि पाय ओढत चालावं लागलं. आता तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. रेडिओ आणि त्याची बायको सलूनच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. त्यांतली मागच्या अंगणाकडे खिडकी असलेली खोली बायकोने आपण होऊन रिकामी केली. वन्संना उजेड लागतो, एवढंच ती म्हणाली. ताई यायला तयार झाली, पण एका अटीवर. वेल बरोबर आली पाहिजे.

झोपलेली वेल हलवायची तर थंडी सरता सरता हलवावी, असं ताईने खुर्चीत बसून सांगितलं. मग ती सांगत गेली आणि रेडिओ करत गेला. आधी सगळा पसारा गुडघ्याएवढा ठेवून छाटला. मग चहूबाजूंनी लांबून खणून मातीच्या मोठ्या गोळ्यासकट मूळ काढलं, ते ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि भावाबहिणीच्या मधे बसवून टेम्पोतून आणलं. नव्या खड्ड्यात त्याने वेल पूर्वी होती तेवढीच पुरली, तर वरच्या खिडकीतून आवाज आला, की आणखी वीतभर खाली जाऊ दे, खोडाचे डोळे मातीत गेले पाहिजेत. त्याने निमूटपणे परत खणलं. वेलीचं डोकं उन्हात आणि पाय सावलीत हवेत म्हणून त्याने बुंध्याभोवती सलूनमधल्या फुटक्या बेसिनचे तुकडे मांडले.

ऊन तापू लागलं तसे खोडातून कोंब फुटले. कोंब वाढायचे भराभर, पण धरायला काही बारीक मिळालं नाही तर लोंबकळायचे. या वेलीला तणावे नसतात, पानाचा देठच कशाला तरी वेढा घालतो, आणि भिंतीवरचा पाण्याचा जाडजूड पाइप काही त्या देठाच्या मिठीत मावत नव्हता. तेव्हा रेडिओने भिंतीवर खिळे ठोकून भुवया कोरायचा दोरा आडवाउभा ताणला. वेल त्याला दोन दिवसांत बिलगली. कोवळ्या कोंबांवर गोगलगाई तुटून पडतात असं कळल्यावर, त्यांना अडवायला, तो सलूनमधले केस झाडून बुंध्याभोवती पसरू लागला. वरून ते दिसताच ताईला शिसारी आली.

"अरे, लोकांची डोकी घालतोस होय माझ्या वेलीच्या पायाशी?"

"धुतलेली आहेत गं," तो म्हणाला. कित्येक वर्षांत ताईसमोर त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला विनोद होता, आणि ताई चक्क हसली.

पण एक गोष्ट त्याला खात होती. ताई जिना उतरत नव्हती. व्यायाम शिकवायला येणारी बाई सांगून दमली. कठड्याला धरा, एकेक पायरी उतरा, मागे माणूस उभा राहील. ताई ऐकून घ्यायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. तिने भावजयीपाशी एकदाच कबूल केलं होतं, की पडेन या भीतीपेक्षा पडल्यावर चार माणसांनी उचलावं लागेल याची लाज वाटते. त्यामुळे वेलीचं सगळं वरून चाले. पाणी रोज शिंपडू नकोस, आठवड्यातून भरपूर घाल. खत दे, पण बुंध्याला लागू देऊ नकोस. रेडिओ सकाळी दुकान उघडण्याआधी खिडकीखाली उभा राहून वेलीची खबरबात द्यायचा, आणि हळूहळू त्या खबरबातीत गिऱ्हाइकांच्या गमतीही येऊ लागल्या.

उन्हाळ्यात कळ्या धरल्या. टपोऱ्या, खाली माना घातलेल्या. आज फुलेल, उद्या फुलेल, असं चाललं होतं, आणि एका सकाळी रेडिओ अंगणात गेला तर आदल्या संध्याकाळपर्यंत हिरवीगार असलेली वेल मान टाकून लोंबत होती. पानं काळवंडलेली, कळ्या सुतकी. त्याने माती चाचपली, ती ओली होती. केस, खत, खणताना मारलेली कुदळ, एकेक आठवून तो स्वतःलाच बोल लावू लागला. ताईने आयुष्यात स्वतःसाठी केलेली एवढी एकच गोष्ट, आणि ती आपल्या हातून गेली.

"मर रोग लागलाय," वरून ताई शांतपणे म्हणाली. ती कधीपासून बघत होती कोण जाणे. "जमिनीपासून काप. सगळी."

तो कात्री घेऊन आला, वाकला आणि तसाच राहिला. उभा जन्म कापण्यात गेलेल्या माणसाचा हात चालेना. कळ्या अजून जांभळ्या दिसत होत्या. दोन दिवस थांबू या का, असं त्याने विचारलं. ताई खिडकीतून आत गेली. त्याला वाटलं, ताई रागावली.

मग जिन्यात घसटल्यासारखा आवाज झाला. तो धावत दाराशी गेला. ताई कठडा डाव्या हाताने धरून उलटी, पायऱ्यांकडे तोंड करून, एकेक पायरी पाय ओढत उतरत होती. तिच्या मागे त्याची बायको दोन्ही हात पसरून उतरत होती, पण तिला हात लावत नव्हती. रेडिओ पुढे होणार तोच बायकोने डोळ्यांनी दटावलं. तो जागीच थांबला. मग त्याने सलूनमधलं स्टूल आणून वेलीपाशी ठेवलं.

ताई स्टुलावर बसली, धाप ओसरेपर्यंत थांबली आणि तिने कात्री मागितली.

"आधी स्पिरिटने पूस. रोग पुढे जातो."

त्याने पुसून दिली. तिने डाव्या हाताने, वेडीवाकडी का होईना, वेल मातीलगत कापली. एकेक दांडा पडत होता आणि रेडिओचे डोळे भरून येत होते.

"रडतोस काय," ती म्हणाली. "एवढी खोल कशाला पुरायला लावली तुला? वरचं गेलं तर खालचं राहावं म्हणून. मुळाला काही होत नाही या रोगात. तू पाणी घालत राहा."

"आणि नाही आली तर?"

"नाही आली तर मी आहे ना इथे."

ती कापलेली वेल त्याने कचऱ्यात न टाकता लांब नेऊन जाळली. नंतर तो रोज त्या उघड्या मातीला पाणी घालायचा. गिऱ्हाइकं टिंगल करत, की रेडिओने आता धूळ पेरली. ताई मात्र रोज उतरू लागली. आधी स्टुलापर्यंत, मग सलूनच्या मागच्या दारापर्यंत, आणि शेवटी आत येऊन टॉवेलांच्या घड्या घालू लागली. धुलाईखान्यात जन्म काढलेल्या बाईची घडी, एका हाताची असली तरी काटकोनात. गिऱ्हाइकांशी चालणाऱ्या भावाच्या गप्पा तिने पहिल्यांदाच ऐकल्या. हा इतकं बोलतो, हे मला कधी कुणी सांगितलं नाही, असं ती भावजयीला म्हणाली.

उन्हाळा ओसरला तेव्हा माती फोडून दोन तांबूस कोंब वर आले. त्या वर्षी फूल काही धरलं नाही. पानं झडली, तारांसारख्या काड्या उरल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात सात-आठ फुलं आली आणि त्यांच्या मागून बियांचे मऊ, चंदेरी झुबके. म्हाताऱ्या माणसाच्या विरळ केसांसारखे दिसतात म्हणून रेडिओ त्यांच्यावरून हलका हात फिरवत राहायचा. तिसऱ्या उन्हाळ्यात भिंत भरली.

थंडी सरली की आता दोघं मिळून छाटणी करतात. ताई खुर्चीत बसून खालचं बघते, रेडिओ उभा राहून वरचं. ताई म्हणते, फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर काप. तो म्हणतो, मी तिथेच कापतोय. ती म्हणते, तिरकं बघतोस तू, लहानपणापासून. यावर तो जे बोलायला लागतो, ते दुकानात गिऱ्हाईक येऊन खुर्चीत बसलं तरी संपत नाही.